दादाच्या उंचीवरून काढलेलं इंजिन

माझ्या हातचं काही दादाला पटलं, असं आजवर कधी झालं नव्हतं. मी टेलर. मंगरूळपीरला माझं दुकान आहे, तालुक्यातले निम्मे मास्तर माझ्या हातच्या पँटी घालून शाळेत जातात. पण माझा सख्खा मोठा भाऊ माझी पँट घालून आरशासमोर उभा राहिला, की पहिलं वाक्य ठरलेलं. "आसन टाइट झालं बे." आसन म्हणजे दोन पायांच्या मधली शिवण. ती ढिली करून दिली की म्हणणार, "आता झोळी झाली." कॉलर आखूड, खिसा तिरपा, बाही लोंबते. एकदा त्याच्या कारंज्याच्या घराला पडदे शिवून नेले, तर म्हणे उजेड अडतो. अरे बाबा, मग पडदा असतो कशासाठी!

माणूस वाईट नाही हो. दुसऱ्या कोणी माझ्या कामाला नाव ठेवलं तर हाच त्याच्या अंगावर धावून जाईल. बाहेर सांगतो, माझा भाऊ एक नंबर कारागीर आहे. पण माझ्या तोंडावर "जमलं" एवढा एक शब्द त्याच्या जिभेवर कधी आला नाही. मी पन्नाशी ओलांडली, डोक्यावर केस राहिले नाहीत, तरी तो शब्द मला ऐकायचा होता. सांगायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

अशात गेल्या हिवाळ्यात वहिनीचा फोन आला. दुकानात गिऱ्हाईक होतं, शिवण अर्धवट होती, अन् वहिनी कुजबुजत होती.

"भाऊजी, तुमचे दादा रिटायर होऊन राह्यले. मी घरी कार्यक्रम ठेवला. तुमाले एक वस्तू बनवाची हाय."

"सफारी ना? कापड आणून ठेवतो."

"सफारी नाई. इंजिन."

मला वाटलं फोनमध्ये खरखर आहे. पण नाही, वहिनीला इंजिनच पाहिजे होतं. दादाची सारी जवानी छोट्या लाइनीवर गेली. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जायची ती गाडी, जिला आम्ही सगळे शकुंतला म्हणायचो. दादा तिच्या डिझेल इंजिनावर असिस्टंट होता. त्या लाइनीची रीतच न्यारी होती. रस्ता आडवा आला की गाडी थांबणार, दादा खाली उडी मारणार, फाटक लावणार, गाडी पलीकडे जाऊन उभी राहणार, मग फाटक उघडून पुन्हा पळत जाऊन इंजिनावर चढणार. दिवसभर हेच. आसन टाइटची तक्रार त्यातूनच जन्मली असावी, एवढं मी मान्य करतो.

पुढे गाडी बंद पडली. दादाला मोठ्या लाइनीवर पाठवलं, तिथली इंजिनं घराएवढी. त्यानं मुकाट्यानं नोकरी केली, पण घरी बोलायचं झालं तर त्या छोट्या इंजिनाचंच. वहिनी म्हणाली, "शाल नको, घड्याळ नको. टीव्हीखाली ठेवता येईन असं त्याइचं इंजिन द्या बनवून. अन् त्याइले कळू द्याचं नाई."

"वैनी, मी कपडे शिवतो."

"मंग? पत्र्याचे कपडे शिवा."

फोन ठेवला. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, ऑर्डर आली. मनात मात्र एकच आलं होतं. शर्ट-पँटीत तो माझ्या चुका काढू शकतो, पण हे इंजिन बरोबर झालं तर काय बोलणार आहे? तिथं त्याला "जमलं" म्हणावंच लागेल.

आता इंजिन बनवायचं म्हणजे आधी त्याचं माप पाहिजे. मी मोबाइलवर शोधायला बसलो. बाप्पा, काय ती इंजिनं! छोट्या लाइनीची डिझेल इंजिनं सारी एकसारखी असतील असं मला वाटत होतं. तर एकाची केबिन टोकाला, एकाची जरा आत, एकाचं नाक लांब, एकाचं बोथट. पुण्याचे एक साहेब असले मॉडेल बनवतात असं कळलं, त्यांना फोन लावला. भला माणूस, नकाशा पाठवला. मी तो वहिनीला दाखवला, तर वहिनी म्हणाली, "हे नाई, भाऊजी. याची खिडकी चौकोनी हाय. आपल्याचे कोपरे गोल होते." वर्षानुवर्षं जिचा नवरा त्या खिडकीतून हात दाखवत गेला, ती बाई चुकेल कशी? नकाशा बाजूला ठेवला.

इंजिन कुठं पाहायला मिळतं का, म्हणून चौकशी केली. कोणी म्हणे ट्रकवर चढवून दुसऱ्या राज्यात नेलं, कोणी म्हणे तोडलं, कोणी म्हणे शेडात आहे पण पाहू देत नाहीत. शेवटी वैतागून कारंज्याच्या स्टेशनावर गेलो. म्हटलं, इंजिन नाही तर नाही, रूळ तर आहेत. गवत बाजूला करून मी टेप लावला. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. चला, एक तरी माप खरं मिळालं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "प्लॉट पाडून राह्यले काय?"

बघतो तर बकऱ्या घेऊन एक म्हातारे बाबा उभे. मी म्हटलं, नाही हो, रुळाचं माप घेतो. झालं! बाबा मोठ्यानं ओरडले, "अरे, गाडी सुरू होऊन राह्यली!" पाहता पाहता चहाच्या टपरीवरची सगळी मंडळी गोळा झाली. मी कितीदा सांगितलं की मी रेल्वेचा माणूस नाही, टेलर आहे. तर एक जण म्हणे, "बराबर हाय. आधी ड्रेस शिवतीन, मंग भरती करतीन." आता बोला! इंजिनाचा रंग विचारला तर भांडण जुंपलं. एक म्हणे निळा, दुसरा म्हणे लाल, तिसरा म्हणे पिवळ्या पट्ट्याचा हिरवा. चौथ्यानं तर शपथ घेतली की त्यातून वाफ निघायची. डिझेलमधून वाफ! मी चहा पिऊन काढता पाय घेतला, अन् बसमध्ये बसल्यावर एकटाच हसत राहिलो.

मग वहिनीनं तो फोटो दिला.

लोखंडी कपाटातून, साड्यांच्या घडीखालून काढून, गुपचूप. फोटोत डिझेल इंजिन एका बाजूनं दिसतं, नवं कोरं, अन् त्याच्या बाजूला दादा. युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, एक हात दांडीवर. तेव्हा दादाचं लग्न ठरायचं होतं, अन् हा फोटो वहिनीच्या माहेरी जऊळक्याला स्थळासाठी पाठवला होता. गाजरगवत एवढं माजलेलं की दादाचे पाय गुडघ्याखाली दिसत नव्हते, अन् इंजिनाची चाकंही अर्धी बुडालेली. पण इंजिन पूर्ण होतं, नाकापासून शेपटापर्यंत, गोल कोपऱ्यांच्या खिडकीसकट.

तो फोटो हातात घेतला अन् माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इंजिनाचं माप कोणाला माहीत नसेल, पण दादाचं माप मला माहीत आहे! फोटोतला तो युनिफॉर्म मीच शिवलेला. कंबर, पाय, छाती, मान, सगळं तोंडपाठ. माणूस केवढा हे कळलं, की त्याच्या बाजूला उभं असलेलं इंजिन केवढं हे हिशेबानं निघतंच. मी फोटोवर पट्टी ठेवली. जमिनीपासून टोपीपर्यंत दादा, जमिनीपासून छतापर्यंत इंजिन. उंचीवरून लांबी काढली, वहिनीनंच दिलेल्या, समोरून काढलेल्या दुसऱ्या एका फोटोवरून रुंदी. पुण्याच्या साहेबांना जे जमलं नाही ते मंगरूळच्या टेलरनं केलं, असं मी आमच्या मंडळीला ऐकवलं. ती म्हणाली, "आधी बनवून तं दाखवा."

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच दिसली होती. फोटोत दादाचे पाय जरा लांब वाटत होते. आमचा दादा तसा आखूड पायांचा, सगळं घराणंच आमचं बुटकं. पण मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, ही माझ्या कटिंगची कमाल. नवाच शिकलो होतो तेव्हा, बावीस वर्षांचा, अन् बघा कसा पाय काढला होता पँटीला! मी त्या फोटोकडे पाहून स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

काम सुरू झालं. फुटाला अर्धा इंच, असं प्रमाण धरलं. आधी खाकी कागदावर इंजिनाचं कटिंग काढलं, जसं कोटाचं काढतो तसं, पाठ वेगळी, बाजू वेगळ्या. तेलाच्या डब्याचा पत्रा कापला. वाकवून जोडायला गेलो तर इंजिन सगळीकडून मोठं. डोकं खाजवलं, पुन्हा मोजलं, अन् मग लक्षात आलं की हाताच्या सवयीनं मी चारी बाजूंनी शिलाईचं मार्जिन सोडलं होतं! मंडळी पोट धरून हसली. "अन् आता काय, इंजिनाले टिपा मारता? आल्टर कराले कापड ठेवलं असंन ना आत?" तो पत्रा भंगारात गेला, दुसरा डबा फोडला.

दुकानात जे होतं ते सगळं कामाला लागलं. चाकांना कोटाची मोठी बटणं. दिव्याला शर्टाचं मोत्यासारखं बटण. दांड्यांना छत्रीच्या काड्या. जाळीला बकरम, म्हणजे कॉलरमध्ये घालतो ते जाड कापड, रंग देऊन. रंगाचं भांडण वहिनीनं मिटवलं, निळा अन् मधात पट्टा. रूळ लोखंडी पट्टीचे केले, अंतर सव्वा इंच, स्टेशनावर घेतलेल्या मापाप्रमाणे अगदी बरोबर. गिऱ्हाइकांच्या पँटी मागं पडल्या, एक मास्तर रागावून निघून गेले. मी म्हटलं, जाऊ द्या. बटणाचं चाक रुळावर ठेवून पुढंमागं ढकलताना मला इतका आनंद होत होता की विचारू नका.

फक्त एक होतं. इंजिन रुळावर ठेवलं की मला ते किंचित हडकुळं वाटे. पुन्हा पुन्हा मोजलं. हिशेब बरोबर. म्हटलं, छोट्या लाइनीचं इंजिन, हडकुळंच असणार.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. दादाच्या अंगणात मांडव, नातेवाईक, शेजारी, त्याच्यासोबत काम केलेले लोक. वंदना झाली, पंचशील झालं, दोन-चार जण बोलले, दादाला हार घातले. मग वहिनीनं मला खूण केली. मी झाकलेलं इंजिन आणून टेबलावर ठेवलं अन् वरचं कापड ओढलं.

मांडवात जो गलका झाला! "अरे, तेच हाय ना बाप्पा!" "खिडकी पाय, खिडकी!" दादाच्या जुन्या ड्रायव्हरनं तर तोंडानं भोंगा वाजवला. लोक मोबाइल काढून फोटो घेऊ लागले. मी कोणाकडे पाहतच नव्हतो. मी दादाकडे पाहत होतो. छातीत असं धडधडत होतं की माझ्या पोरीच्या लग्नातही धडधडलं नाही.

दादा खुर्चीवरून उठला. चष्मा लावला. वाकून पाहिलं. इंजिनाच्या पाठीवरून हात फिरवला. दांडीला बोट लावलं, बटणाच्या दिव्याकडे पाहून हसला. मग टेबलाशी डोळा आणून रुळाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"बारीक झालं," दादा म्हणाला.

खरं सांगतो, माझ्या डोक्यात सणक गेली. एवढ्या लोकांत! "बारीक? कसं काय बारीक?"

"अंग बारीक हाय. आपल्या इंजिनाचं अंग रुळाच्या बाहेर लय लटके. पायरीवरून उतरताना मले खाली रूळ दिसेच नाई. हे तं रुळाच्या मधातच बसलं."

"दादा, तुले खोडी काढल्याबिगर घास जात नाई!" मी ओरडलोच. "आसन टाइट, कॉलर आखूड, अन् आता इंजिन बारीक! हे बारीक होऊच शकत नाई. हे तुह्या मापावर काढलं मी!"

"माह्या मापावर? इंजिन?"

"हाव! तुह्या उंचीवरून! टाचेपासून टोपीपर्यंत तुहं माप मले झोपेतबी पाठ हाय. फोटोत तू जेवढा, त्याच्या हिशेबानं इंजिन जेवढं, तेवढंच हाय हे. माहा टेप खोटा असंन तं आजपासून दुकान बंद करतो!" अन् मी खिशातून फोटो काढून टेबलावर आपटला.

दादानं फोटो पाहिला अन् त्याचा चेहरा बदलला. त्यानं वहिनीकडे पाहिलं. मग मांडवाच्या कापडाकडे पाहिलं. मग फोटो पालथा घातला. मला वाटलं, आता हा "जाऊ दे" म्हणेल अन् विषय संपवेल, अन् आयुष्यभर माझं इंजिन बारीकच राहील. मी रडायच्या बेतात आलो होतो, रागानं.

दादा खाली बसला. घसा खाकरला.

"काम चुकलं नाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "काम जमलं त्याचं. माप खोटं हाय. मी त्या फोटोत दोन इटाइवर उभा हावो."

कोणालाच काही कळेना. मग दादानं सांगितलं. फोटो जऊळक्याला जायचा होता. मुलीचा बाप ताडमाड उंच, अन् मुलगीही उंच आहे असं ऐकलेलं. स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्याला आमच्या वडिलांनी मुलगा साडेपाच फूट आहे असं सांगून टाकलं होतं. फोटोवाला म्हणाला, काळजी करू नका, गवत आहे. दोन विटा आणल्या, दादा चढला, फोटो निघाला.

मी फोटो पुन्हा हातात घेतला. माझी कटिंगची कमाल! इतके दिवस ज्या पायांचं कौतुक केलं ते विटांचे होते. फोटोत जेवढी विटांसकट उंची, तेवढा नुसता दादाच असं मी धरलं, म्हणून इंजिन सगळीकडून तेवढं लहान निघालं. मांडवात असा काही हशा फुटला की बाहेर रस्त्यावरचे लोक डोकावले. ड्रायव्हर तर खुर्चीवरून घसरलाच. मीही हसलो, काय करणार! दादा मात्र हसत नव्हता. तो कानापर्यंत लाल झाला होता अन् वहिनीकडे चोरून पाहत होता.

वहिनी पदर सावरत म्हणाली, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"इटा नाई, पण उंची. लग्नात विहारात हार घालाची बारी आली. मी फोटो पाहून ठेवला होता, म्हटलं हे लय उंच, म्हून टाचा उचलून, हात वर करून हार टाकला. तं तो गेला तुमच्या डोक्यावरून पाठीमांग. मले तवाच समजलं."

"मंग तीस वर्षं बोलली काहून नाई?"

"काय बोलाचं? माह्यासाठी खोटं बोलले, दुसऱ्या कोणासाठी तं नाई ना," वहिनी म्हणाली. "म्हटलं राहू द्या, उंच तं उंच."

दादा टोपीशिवायचं डोकं खाजवत राहिला, अन् लोक हसत राहिले. मग एकदम उठला, चपला बाजूला काढल्या, घराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला अन् मला म्हणाला, "ये इकडं. टेप काढ. आता इटाइबिगर खरं माप घे, अन् नीट बनव त्याले."

टेप गळ्यातच होता, तो मी कार्यक्रमालाही काढून ठेवत नाही. मी त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसलो, टेपचं टोक जमिनीला धरलं. तिथं बसल्यावर मला एकदम आठवलं की मघाशी हा "जमलं" म्हणाला. भरल्या मांडवात, बायकोसमोर, स्वतःच्या दोन विटा पायाखालून काढून देऊन म्हणाला, अन् मी भांडण्याच्या नादात तो शब्द नीट ऐकलाही नव्हता. माझे डोळे भरून आले. मी खाली मान घालूनच राहिलो, म्हणून कोणाला दिसलं नाही.

अन् खाली मान होती म्हणूनच मला दिसलं. दादाच्या टाचा जमिनीला लागल्या नव्हत्या.

"दादा," मी हळूच म्हटलं, "टाचा टेक."

त्यानं वरून माझ्याकडे पाहिलं, अन् टेकल्या.